आत्याबाईंची वही

विसरणं आणि लघवीवरचा ताबा सुटणं, या दोन्ही गोष्टी आमच्या घरात वर्षभराच्या अंतराने आल्या. पहिलीसाठी आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, दुसरीसाठी लघवीच्या. दोघांनी आपापली चिठ्ठी लिहून दिली. ही दोन्ही दुखणी एकाच बाईची आहेत आणि एकमेकांत गुंतलेली आहेत, हे कुणीतरी एका टेबलावर सगळं मांडून बघायला हवं होतं. ते होईपर्यंत आत्याबाईंचे फार हाल झाले. ज्यांच्या घरात सत्तरीपुढचं माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. "रझाकाराच्या वक्ताला मी मायच्या मांडीवर व्हते," असं त्या सांगतात, त्यावरून धरलेलं. गाव पाथरीकडचं, पण मामंजी गेल्यापासून परभणीत आमच्याजवळ असतात. बीपी आणि शुगर दोन्ही जुने.

आधी विसरणं सुरू झालं. भाजीत मीठ दोनदा पडायचं, दुधाखालचा गॅस चालूच राहायचा, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायच्या. मग एकदा धान्याच्या कोठीमागे ओल्या परकराचा बोळा सापडला, पुढे गादीखाली. "पानी सांडलं व्हतं," म्हणाल्या आणि माझ्याकडे बघेनात. सगळी बाळंतपणं घरात केलेली, जन्मभर सोवळं-ओवळं पाळलेली बाई. सुनेसमोर हे कबूल करणं तिला किती जड गेलं असेल. विठ्ठलाच्या देवळातलं एकादशीचं कीर्तन त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. ते बंद केलं, कारण सांगितलं गुडघ्याचं. दुपारनंतर पाणी पिणंही सोडलं.

पाणी सोडलं की लघवी थांबेल, हा हिशेब कितीतरी घरांतली म्हातारी माणसं मनातल्या मनात करतात. होतं उलटंच. लघवी दाट आणि गर्द पिवळी होते, मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला झोंबते आणि कळ आणखी लवकर लवकर येते. शौचाला खडा होतो, आणि आत साठलेला मळ शेजारच्या मूत्राशयावर दाब टाकतो. जंतू धुऊन निघत नाहीत, संसर्ग होतो. परभणीचा मे महिना, पारा बेचाळीसच्या वर, आणि या दोन पेले पाणी आणि चहावर दिवस काढायच्या.

त्याच मे महिन्यात एका रात्रीत त्या पार बदलल्या. अंगणात मामंजी बसलेत, त्यांना जेवायला वाढ, असं म्हणू लागल्या. मला ओळखेनात. अंगात कणकण होती, लघवी करताना कण्हायच्या. शेजारपाजारचं म्हणणं, आता डोकं पूर्णच गेलं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी मात्र जीभ बघितली, पोट दाबून बघितलं, लघवी कल्चरला पाठवली आणि सलाईन लावलं. जंतू निघाले, औषध सुरू झालं, आणि आठवडाभरात मामंजी दिसायचे थांबले. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेलं मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. विसरणं महिन्या-महिन्याने वाढत असेल तर ते एक. पण दोन दिवसांत माणूस एकदम भ्रमल्यासारखं वागायला लागलं, तर तो भ्रम वेगळा. त्यामागे संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, शौचाला न होणं किंवा एखादी नवी गोळी असू शकते, आणि तो बरा होऊ शकतो. त्याला वय म्हणून सोडून द्यायचं नाही.

याची दुसरी बाजूही त्यांच्याकडूनच कळली. पुढे एकदा दुसऱ्याच तपासणीत लघवीत जंतू दिसले, पण ताप, जळजळ, भ्रम काहीच नव्हतं. त्यांनी अँटिबायोटिक दिलं नाही. म्हाताऱ्या बायकांच्या लघवीत जंतू असणं खूप वेळा आढळतं, त्रास नसेल तर औषध देऊन फायदा नसतो, उलट पुढे खरं लागेल तेव्हा औषध चालेनासं होतं.

आता गोळ्यांचं सांगते, कारण यातच आमचा सगळ्यात वाईट काळ गेला.

स्मरणशक्तीसाठी एका डॉक्टरांनी डोनेपेझिल सुरू केली होती. काही आठवड्यांत त्यांची लघवीची घाई वाढली. ही गोळी मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन टिकवून ठेवते, आठवणीला तेच लागतं. पण मूत्राशयाचा स्नायू आवळायलाही तेच रसायन लागतं, म्हणून काही जणांना या गोळीने घाई लागते. ही घाई घेऊन आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मूत्राशय शांत करायला ऑक्सिब्युटिनिन दिली. ती गोळी त्याच रसायनाचा रस्ता अडवते. मूत्राशयात अडवते, तशी मेंदूत शिरून तिथेही अडवते. म्हणजे सकाळची गोळी जे राखायची, तेच रात्रीची गोळी बंद पाडायची.

कपडे ओले होणं थोडं कमी झालं, हे खरं. पण त्यांचं तोंड इतकं कोरडं पडायचं, की भाकरीचा घास टाळूला चिकटायचा. शौचाला दिवसच्या दिवस होईना. संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्या राहून "हे कुनाचं घर हाय?" असं विचारायच्या. त्यातच खोकला झाला, तेव्हा मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी दिली गेली. तसल्या बऱ्याच जुन्या सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्याही याच जातीच्या असतात. मग ओटीपोट फुगलं. लघवी आत भरलेली, बाहेर नुसती थेंब थेंब. डॉक्टरांकडे नळी घालून काढावी लागली.

माझे दीर गावाकडून आले होते. त्यांचं म्हणणं, "म्हातारी मुद्दाम करायली, लक्ष वेधून घ्यायला." आत्याबाई पलीकडच्या खोलीत होत्या. त्यांना ऐकू गेलं असावं, त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

त्यानंतर छत्रपती संभाजीनगरला जायचं ठरलं. एसटीपेक्षा रेल्वे बरी, कारण डब्यात संडास असतो. सेलू, परतूर, जालना असं एकेक स्टेशन आलं, की त्याआधी त्यांना नेऊन आणायचं, हे आम्ही धरून ठेवलं होतं. एक मात्र केलं होतं. घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या, सगळ्या चिठ्ठ्या, मेडिकलच्या पावत्यासुद्धा एका पिशवीत भरून नेल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी ती पिशवी टेबलावर ओतली आणि एकेक पट्टी बाजूला काढत गेल्या. आत्याबाईंना तपासण्याआधी त्यांनी तेवढंच केलं. पहिल्याच भेटीत ऑक्सिब्युटिनिन आणि सर्दीची गोळी बंद झाली. बीपीची गोळी लघवी जास्त करणारी होती आणि आम्ही ती रात्री द्यायचो, कारण चिठ्ठीवर तसंच लिहिलेलं होतं. ती सकाळी केली.

मग त्यांनी आत्याबाईंना खोलीत चालायला लावलं. हे कशासाठी, ते मला आधी कळेना. चालणं, विसरणं आणि लघवी, या तीन गोष्टी एकदम बिघडल्या, की मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठलं आहे का, हे बघावं लागतं. १९६५ साली हा आजार पहिल्यांदा नीट मांडला गेला. त्यात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, माणूस पाय फाकवून छोटी छोटी पावलं टाकतं. वेळेत ओळखलं, तर ऑपरेशन करून नळीने ते पाणी पोटात सोडतात आणि कित्येकांचं चालणं सुधारतं, लघवीचा त्रासही कमी होतो. आत्याबाईंना ते निघालं नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान दिसलं, इतक्या वर्षांच्या बीपी-शुगरचं. थायरॉईड, बी-१२, शुगर या तपासण्या झाल्या. बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली.

आठवणीची परीक्षा त्यांनी मराठीतूनच घेतली, तीही आत्याबाईंच्या जगातली. तारीख विचारण्याऐवजी तिथी विचारली, बाजाराचा वार विचारला, ज्वारीची पेरणी कधी करतात ते विचारलं. पेरणीचं आत्याबाईंनी असं सांगितलं, की ऐकतच राहावं. तिथी मात्र चुकली.

ह्यांनी तिथेच दिराचं बोलणं डॉक्टरांना सांगितलं. आमची शेती जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी तोच दाखला दिला. मूत्राशय म्हणजे साठवण तळं, आणि मेंदूचा पुढचा भाग म्हणजे दारावर बसलेला पाटकरी. तळं भरत आल्याची वर्दी त्याला मिळते, आणि "आत्ता नाही, जागेवर पोचू दे" असं म्हणून तो दार धरून ठेवतो. साधारण दीडशे-दोनशे मिली भरलं की पहिली वर्दी जाते, चारशे-पाचशेपर्यंत माणूस धरू शकतं. लहान मुलाचा पाटकरी अजून तयार झालेला नसतो. आत्याबाईंचा थकला आहे. वर्दी उशिरा पोचते किंवा पोचतच नाही, आणि दार आपोआप उघडतं. त्या म्हणाल्या, रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या विसरण्यात हे लवकर सुरू होतं, अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा नंतरच्या टप्प्यावर येतं. ह्यांनी बाहेर आल्या आल्या भावाला फोन लावून हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर "मुद्दाम" हा शब्द आमच्या घरात कुणी काढला नाही.

लघवी करून आल्यावर सोनोग्राफी केली, आत किती उरते ते बघायला. गोळी बंद झाल्यावर उरणं बरंच कमी झालं होतं. बायकांच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा कोरडी आणि नाजूक होते, त्यानेही घाई आणि संसर्ग वाढतात, म्हणून लावायचं मलम मिळालं. तपासणीत अंग थोडं खाली आलेलंही दिसलं. इतकी वर्षं हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

नवीन गोळी लगेच दिली नाही. मेंदूवर तसा परिणाम न करणारी मिराबेग्रॉन नावाची गोळी आहे, पण तिने बीपी वाढू शकतो, म्हणून आधी तीन दिवसांची वही लिहून आणा, असं सांगितलं. किती वाजता काय आणि किती प्यायल्या, किती वाजता लघवी झाली, मापाच्या मगात किती मिली भरली, कपडे कोरडे की ओले, आणि ओले झाले तेव्हा त्या कुठे होत्या. शेवटचा रकाना मला आधी निरर्थक वाटला होता. सगळं उत्तर त्याच रकान्यात निघालं.

आमचा संडास परसात आहे. दोन पायऱ्या उतरायच्या, पुढे ओला ओटा, आत मंद बल्ब, भारतीय बैठकीचं भांडं. आत्याबाई ओल्या व्हायच्या त्या बहुतेक वेळा पायरीवर, दारात किंवा आत उभ्या राहून परकराची नाडी सोडवताना. एकदा मी बाहेरून बघत होते. गाठ दिसत होती, बोटं तिच्यापाशी जात होती, पण कुठलं टोक ओढायचं ते बोटांना उमगेना. त्या नाडीशी झटत राहिल्या आणि पायांवरून ओघळ आला. त्यांनी वर बघितलं, मी दिसले, आणि त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला. जी लघवी त्या मूत्राशयात धरून तिथपर्यंत आल्या होत्या, ती नाडीपाशी सुटत होती. यावर कुठलीच गोळी चालली नसती.

गल्लीतल्या शिंप्याकडून परकरांना इलास्टिक घालून घेतलं. गाऊन त्यांनी घालायला साफ नकार दिला, आणि मीही आग्रह केला नाही. लुगडं सोडून पातळ नेसायला तयार झाल्या, तेच मोठं होतं. कमोडची खुर्ची आणली, तर ती खोलीत ठेवू देईनात. भिंतीपलीकडे देवघर. "देवाच्या शेजारी कुठं व्हतं का हे?" त्यांचं म्हणणं मला पटलं. मागच्या पडवीत पडदा लावून तिथे खुर्ची ठेवली. मग निराळीच अडचण आली. पांढऱ्या फरशीवर पांढरी खुर्ची त्यांना दिसायचीच नाही, हाताने चाचपडायच्या. बैठकीच्या कडेला लाल चिकटपट्टी लावली, रात्रभर तिथे दिवा चालू ठेवला.

तरी खुर्चीपाशी गेल्यावर त्या नुसत्या उभ्या राहायच्या. काय करायचं ते सुचायचं नाही. त्यांचं निम्मं आयुष्य गावात गेलं, तिथे बाहेर जायचं म्हणजे हातात तांब्या. एक दिवस सहज खुर्चीशेजारी पाण्याने भरलेला ॲल्युमिनियमचा तांब्या ठेवला. आत्याबाईंनी तो उचलला, आणि पुढचं सगळं त्यांच्या हातांनी आपसूक केलं. पदर खोचला, परकर वर घेतला, बसल्या. आता तांब्या तिथून हलू देत नाही.

वेळा बांधल्या. उठल्यावर, मग दर दोन तासांनी, चहा-जेवणानंतर आणि झोपताना. "लागली का?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "न्हाई." त्यामुळे विचारत नाही. "चला आत्याबाई, जाऊन येऊ," एवढंच. झाल्यावर लगेच उठवत नाही, दोन मिनिटं बसू देते, पुन्हा थोडी होते. पाणी सकाळपासून पाच वाजेपर्यंत दीड लिटरच्या आसपास, ताक त्यातच धरायचं. संध्याकाळनंतर घोट-घोट. दुपारी पाय उशीवर उंच ठेवून तासभर पडायचं, कारण दिवसभर पायात उतरलेली सूज रात्री आडवं झाल्यावर लघवी होऊन बाहेर पडते. पोट साफ राहावं म्हणून इसबगोल, पपई आणि भाकरीबरोबर पालेभाजी. इसबगोल द्यायचं तर पाणी भरपूर हवं, नाहीतर तेच आत घट्ट होऊन बसतं.

रात्री डायपर लावतो. रात्री घाईत उठून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तर सगळंच अवघड होईल. दिवसा लावत नाही, कारण दिवसा लावला की त्यांना नेणं-आणणं आपोआप सुटतं, आणि मग जी काही सवय उरली आहे तीही जाते. माप मोठं घेतलं तर कडेने गळतं. मांडीच्या सांध्यात लाली दिसली, की कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडं करून झिंकचं मलम लावायचं. मध्यंतरी त्या डायपर ओढून काढायच्या, मग वरून इलास्टिकची चड्डी घालायला लागलो.

पाण्याविषयी लिहिलंच पाहिजे. उन्हाळ्यात आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, आणि मराठवाड्यात ज्यांच्याकडे येतं त्यांचं नशीब. चादरी, पातळं, गोधड्या टँकरच्या पाण्यात धुवायच्या म्हणजे काय, ते धुणाऱ्या बाईलाच कळतं. गादीवर रबरी चादर, तिच्यावर घडी घातलेलं सुती पातळ, म्हणजे एका वेळी तेवढंच धुवायला निघतं. भारतात साठीपुढच्या माणसांत ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे हे विसरण्याचं दुखणं, आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आला आहे. त्या प्रत्येक घरात कुणीतरी हे धुणं धुतं आहे, बहुतेक ठिकाणी सून किंवा लेक, आणि त्याविषयी कुठे बोलणं होत नाही. ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, १४५६७. 

वही बघून डॉक्टरांनी मिराबेग्रॉनची गरज नाही असं ठरवलं. डोनेपेझिलही थांबवली, पुढे बघू म्हणाल्या. आत्याबाई बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. विसरणं हळूहळू वाढतंच आहे, थंडीत रात्री जास्त वेळा लागते. पण दिवसा बहुतेक वेळ कोरड्या असतात, आणि रात्रीच्या भ्रमात मामंजींना वाढायला उठत नाहीत. एकादशीला देवळात पुन्हा जातात. निघताना जाऊन यायचं, पॅड लावायचा आणि मधे बसण्याऐवजी दाराजवळच्या खांबाला टेकून बसायचं. अभंग कोणता चाललाय ते सांगता येत नाही, पण टाळ्यांचा ठेका चुकत नाही.

या दिवाळीनंतर नणंदबाई पुण्याहून राहायला आल्या आणि मी माहेरी जाऊन आले. जाताना त्यांच्या हातात वही दिली, तांब्या कुठे ठेवायचा ते दाखवलं, आणि विचारायचं नाही, घेऊन जायचं, हे बजावून सांगितलं. माहेरी असताना त्यांचा फोन आला. "वहिनी, चारची वेळ साडेतीनला केली बरं का. चहा पिल्याबरोबर लागते तिला. वहीत लिहून ठेवलंय."